एका न्यूट्रलवर दोन संसार

शाहूवाडी तालुक्यात, विशेषतः आंबा-विशाळगडाच्या बाजूला, पावसाळ्यात तारेवर झाड पडले की लाइट जाते. म्हणून स्लॅबच्या घरात इन्व्हर्टर येतो. फिटिंग आधीच झालेले असते आणि भिंत कुणालाच फोडायची नसते. मग इन्व्हर्टरचा फेज तेवढा नवा ओढायचा आणि परतीला जुनाच न्यूट्रल सॉकेटच्या सर्किटशी भागीत ठेवायचा, अशी सोय होते. सगळे पेटते, मालक खूश. तरीही दोन सर्किटांना एक न्यूट्रल ही बचत सर्वांत महागात पडणारी आहे.

टेस्टर लावला तर न्यूट्रलवर दिवा लागत नाही, म्हणून ती ‘मेलेली’ तार समजली जाते. प्रत्यक्षात फेजमधून जितका करंट जातो तितकाच तिच्यातून परततो. १६-१६ अँपियरची दोन सर्किटे एकाच फेजवर असतील, तर सामायिक न्यूट्रलवर ३२ अँपियर येऊ शकतात, आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला ते झेपत नाहीत. घरातली साधी एकपोली एमसीबी फक्त फेजवर असते. न्यूट्रल तापतोय हे तिला कळतच नाही. टेप गुंडाळलेला जॉइंट आधी काळा पडतो.

यावर जाणकार वायरमन म्हणेल, दोन वेगळे फेज घ्या, मग करंट वाढण्याऐवजी एकमेकांना बरेचसे खोडतात; रस्त्यावरच्या लाइनीत तीन फेजना एकच न्यूट्रल नसतो का? मुद्दा खरा आहे, फक्त तो न्यूट्रल शाबूत असेपर्यंत. तो सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन उपकरणांत वाटले जातात, आणि वाटणी उलटी होते. हजार वॉटची इस्त्री आणि शंभर वॉटचा साधा बल्ब असेल, तर इस्त्रीला सुमारे ३६ व्होल्ट मिळतात आणि बल्बला ३६४. बल्बाच्या जागी टीव्ही असला की ‘डबल फेज आला’ म्हणत घर नव्या टीव्हीच्या खर्चाला लागते. अमेरिकेत सामायिक न्यूट्रलला परवानगी आहे, पण अटी घालून: दोन्ही फेज एकदमच बंद झाले पाहिजेत, आणि एखादे सॉकेट काढले तरी न्यूट्रल तुटता कामा नये. आपल्याकडे सोय तेवढी उचलली जाते.

इन्व्हर्टरने यात नवा धोका घातला. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरचा करंट त्याच न्यूट्रलने परतत असतो. सॉकेट दुरुस्त करताना जॉइंट सोडवला, की दिव्यांकडून येणारे टोक २३० व्होल्टवर जाते. गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीचाही यात गोंधळ होतो. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी जाणारा आणि परतणारा करंट ताडून पाहते. फेज तिच्यातून गेला आणि न्यूट्रल दुसरीकडून परतला, की ती पडणारच. मग ‘ही टिकत नाही’ म्हणून तीच काढून टाकतात. ओल आलेल्या भिंतींच्या घरात याहून वाईट सल्ला नाही.

प्लास्टरआधी एक जादा तार ओढण्याचा खर्च किरकोळ आहे. जुन्या घरात तपासणीही सोपी: क्लॅम्पमीटरच्या जबड्यात एका सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र धरायचे. आकडा शून्याजवळ आला नाही, तर गळती आहे किंवा कुणाचा तरी करंट दुसऱ्याच्या तारेने घरी येतोय.