मुशीतून सुटलेलं नाणं

खानापूर-आटपाडीचा नाहीतर माण-खटावचा माणूस कोइमतूरच्या किंवा कोलकात्याच्या सराफ बाजारात भेटला, तर धंदा विचारावा लागत नाही. गलाई! पावसानं पाठ फिरवलेल्या सांगली-साताऱ्याच्या या तालुक्यांतून पोरं बाहेर पडली, परमुलखात बोळाबोळांत भट्ट्या मांडून बसली आणि देशभरातली मोड शुद्ध करून देऊ लागली. या धंद्याचं माहेर विट्याच्या आसपास, भट्टी मात्र शेकडो कोसांवर.

मोडीत काय नसतं? तुटका गोफ, झिजलेल्या पाटल्या, आजीच्या पुतळ्या, कधी एखादा सोन्याचा पौंड. आधी कसोटीवर रेघ ओढून कस बघायचा. मग मुशीत टाकणखार घालून सोनं वितळवायचं आणि त्यात अडीच-तीन पट चांदी मिसळायची. शुद्ध करायचं तर ही भेसळ कशाला? कारण सोनं दाट असलं की आतल्या चांदी-तांब्यापर्यंत तेजाब पोचतच नाही. रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे, ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. तांबूस धूर उठतो, चांदी-तांबं विरघळतं आणि तळाला नुसती तपकिरी भुकटी राहते. नवख्याला वाटतं, सोनं गेलं! ती धुऊन पुन्हा आटवली की पिवळंधमक सोनं समोर. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदीही परत मिळते.

हरवतं ते फक्त नाण्याचं गाव.

संग्राहकाचा जीव नेमका तिथं अडकलेला. 1918 मध्ये मुंबईत रॉयल मिंटच्या शाखेनं सुमारे 13 लाख पौंड पाडले. नाण्यावरच्या घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर मोहरीएवढं इंग्रजी ‘आय’ हे अक्षर, एवढीच त्यांची ओळख. वजन 7.98 ग्रॅम, कस 22 कॅरेट. मुशीला त्यातलं 7.32 ग्रॅम सोनं तेवढं कळतं. मिरजेच्या टाकसाळीचा जुना रुपयाही त्यावरचं फारसी ‘मुर्तजाबाद’ वाचता आलं, तरच मिरजेचा.

अमेरिकेतही हेच वेड. जुन्या नाण्यावर ‘सी’ म्हणजे शार्लट, ‘डी’ म्हणजे डालोनेगा. सोन्याच्या खाणींच्या मुलखातल्या या टाकसाळी 1838 ते 1861 एवढ्याच चालल्या आणि त्यांनी सोन्याचीच नाणी पाडली. त्या एका अक्षरापायी लोक सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात. 1933 मध्ये रूझवेल्ट सरकारनं लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं. त्याच वर्षी पाडलेली वीस डॉलरची 4,45,500 नाणी जवळजवळ सगळी आटवली. जी थोडी निसटली, त्यांच्यासाठी पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या.

आपल्याकडं शिवराज्याभिषेकाचा सोन्याचा होनही आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच दिसतो. सोन्याला जो सांभाळतो तोच अडीनडीला आटवतो. म्हणून नाण्याचं मोल टाकसाळीइतकंच मुशीनंही ठरवलेलं असतं.

गलाईवाल्यांचं स्वतःचं मात्र उलटं. भट्टीशेजारी वाढलेली पोरं तमिळ, बंगाली सफाईनं बोलतात. दुकानाची पाटीही तिथल्याच लिपीत. पण घरात लग्न निघालं की पत्रिकेवर आधी छापलं जातं ते ‘मु. पो.’ आणि पुढं खानापूर तालुक्यातल्या गावाचं नाव.