तीळ गप्प का बसतो?

कर्करोग म्हणजे जनुकांतला बिघाड, ही सोपी व्याख्या अंगावरच्या साध्या तिळापाशी अडते. बहुतेक तिळांच्या रंगपेशींत 'ब्रॅफ' जनुकातला जो बिघाड सापडतो, तोच मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत असतो. तरी तीळ सहसा जन्मभर गप्प बसतो. मग बिघाडाच्या पलीकडे आणखी काय लागते? बॉस्टनमधल्या लिओनार्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेने हे झेब्रा माशात शोधले. माशाच्या रंगपेशींत बिघडलेले ब्रॅफ घातले, शिवाय पी-५३ हे राखणदार जनुकही निकामी केले. म्हणजे अंगावरची प्रत्येक रंगपेशी कर्करोगाच्या उंबरठ्यावर, पण गाठी आल्या माशामागे जेमतेम एक ते तीन. 'क्रेस्टिन' हे जनुक गर्भावस्थेत रंगपेशींच्या पूर्वजांत चालू असते आणि लवकरच बंद होते. त्याला चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाची खूण जोडली. मोठ्या माशात एखाद्याच पेशीत ती खूण पुन्हा उजळली आणि गाठ तिथूनच वाढली. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पेशीचे जनुक बिघडणे ही अर्धीच गोष्ट. तिने जुना, गर्भावस्थेतला कारभार पुन्हा उघडणे ही उरलेली.

हा कारभार उघडतात-मिटतात ती विकरे. डीएनएचा धागा हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. विकरे त्या रिळांवर रासायनिक खुणा चढवतात किंवा पुसतात आणि त्यावरून कोणते जनुक वाचले जाईल ते ठरते. शंका रास्त आहे की या खुणा कर्करोगाचे कारण नसून परिणामही असतील. आजारी पेशीत सगळेच विस्कटते. पण याच प्रयोगशाळेने २०११ मध्ये हिस्टोनवर मिथाइल गट चढवणारे 'सेटडीबी१' हे विकर माशांच्या रंगपेशींत जास्त प्रमाणात घातले, तेव्हा मेलॅनोमा लवकर उद्भवला. माणसांच्या मेलॅनोमातही या जनुकाच्या जादा प्रती आढळतात. नुसता परिणाम असता, तर वाढवल्याने रोगाला वेग आला नसता.

दुसरा आक्षेप उन्हाचा. अतिनील किरणांनी जनुके बिघडतात हे निर्विवाद, पण २०१५ मध्ये पापण्यांच्या निरोगी त्वचेचा अभ्यास झाला तेव्हा चतुर्थांशाहून जास्त पेशींत कर्करोगाला चालना देणारे बिघाड निघाले, आणि तरी ती त्वचा निरोगीच होती. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: विकरेच दोषी, तर ती रोखणारी औषधे कुठे आहेत? आहेत, पण मर्यादित. हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढणारी विकरे थोपवणारे व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी मंजूर झाले. मेलॅनोमात अशा औषधांना तसे यश आले नाही. एकच विकर हजारो जनुकांवर काम करते आणि एका पेशीत ते रोगाला पुढे ढकलते तर दुसरीत अडवतेही. म्हणून सरसकट बंदी घालणारे औषध हे ओबडधोबड हत्यार आहे. नेमके कोणते विकर, कोणत्या पेशीत, कोणत्या टप्प्यावर हे ठरवल्याशिवाय त्यातून मोठी आशा बाळगू नये.

पुन्हा उन्हाकडे येऊ. सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, म्हणजे ऊन फारसे न पोहोचणाऱ्या जागी. तिथला काळा डाग पसरू लागला, रंग बदलू लागला, तर तो त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा.