इंजिनाच्या पाटीवरची हॉर्सपॉवर

विहिरीसाठी डिझेल इंजिन घेताना आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती हॉर्सपॉवरचे?’ दुकानदार पाटीवर बोट ठेवतो : ५ हॉर्सपॉवर, १५०० फेरे. ही शक्ती कोणत्या परिस्थितीत मोजली, हे मात्र आपण विचारत नाही. तेच येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

डिझेल जळण्यास हवेतील प्राणवायू लागतो. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते, पण त्यात मावणाऱ्या हवेचे वजन बदलते. हवा तापली की विरळ होते. उंच जागी दाब कमी असल्याने तेथेही ती विरळच असते. हवा कमी मिळाली की नीट जळणारे डिझेलही कमी होते आणि शक्ती घटते. म्हणजे एकच इंजिन मुंबईला एक शक्ती देईल आणि महाबळेश्वरला दुसरी. मग दोन इंजिनांची तुलना करायची कशी? यासाठी आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक ३०४६ मध्ये चाचणीची परिस्थिती ठरवून दिली आहे : तापमान २५ अंश सेल्सिअस, हवेचा दाब १०० किलोपास्कल, सापेक्ष आर्द्रता ३० टक्के. चाचणीच्या दिवशी हवामान वेगळे असेल, तर गणिताने दुरुस्ती करतात.

आता आपल्या वैजापूरचा हिशेब करू. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहोत. येथे दाब ९५ ते ९६ किलोपास्कल भरतो. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला, की टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती सुमारे ९ टक्के घटते. पाटीवरचे ५ हॉर्सपॉवर प्रत्यक्षात साडेचारच उरतात.

पाणी कमी पडले की आपण मिस्त्रीला दोष देतो, आणि डिझेल वाढवून इंजिन ओढायला लावतो. हवाच अपुरी असल्याने जादा डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो, नोजलवर काजळी धरते, इंजिन तापते. खर्च वाढतो, पाणी मात्र वाढत नाही.

म्हणून इंजिन घेताना दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. पाटीवरची शक्ती अखंड चालण्याची आहे का? या मानकानुसार अखंड शक्तीच्या इंजिनाला १२ तासांत फक्त एक तास १० टक्के जादा भार देता येतो. तो रोजचा हक्क समजू नये. दुसरे, पंप निवडताना उन्हाळ्यातील घट आधीच वजा करावी.

विद्यार्थी मित्रांनीही कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या परिस्थितीत मोजला, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी, ही विनंती.