मोडल्या हाताचा कर्णधार

इंग्लंडांत रग्बीचा खेळ दोन प्रकारांनीं खेळला जातो, आणि त्या दोहोंच्या ताटातुटीचें मूळ मजुरीच्या हिशेबांत आहे. उत्तर इंग्लंडांतील खाणींत व गिरण्यांत राबणारा गडी शनिवारीं सामन्यास गेला कीं त्याचा रोज बुडे. तो भरून देण्यास खेळाच्या चालकांचा सक्त विरोध होता. पैशाच्या स्पर्शानें खेळ बाटतो, असें त्यांचें म्हणणें. भरल्या पोटास असलें सोंवळें परवडतें! अखेर १८९५ च्या ऑगस्टांत हडर्सफील्ड येथें उत्तरेकडील संघ निराळे झाले. पुढें त्यांनीं पंधरांऐवजीं तेरा गडी ठेविले, आणि रग्बी लीग हा धंदेवाईक खेळ उभा राहिला.

अ‍ॅलन प्रेस्कॉट याच परंपरेंतील. त्यांचा जन्म १९२७ सालीं विडनेस येथें झाला. हॅलिफॅक्स संघांत ते प्रथम कडेला धांवणारे गडी होते. १९४९ सालीं सेंट हेलेन्सकडे आल्यावर ते प्रॉप झाले. प्रॉप म्हणजे काय, हें जाणल्यावांचून पुढील प्रसंगाचें मोल कळावयाचें नाहीं. चेंडू पुन्हां खेळांत आणण्यासाठीं दोन्ही संघांचे सहा-सहा गडी एकमेकांत हात गुंफून, खांद्यास खांदा भिडवून समोरासमोर रेटा देतात. या घोळक्यास स्क्रम म्हणतात. त्याच्या पहिल्या रांगेंतील दोन बाजूंचे दोन खांब ते प्रॉप. अर्थात् त्यांचें सारें भांडवल बाहूंत. १९५६ सालीं चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यांत सेंट हेलेन्सनें हॅलिफॅक्सलाच १३-२ असें हरविलें, तेव्हां सर्वोत्तम खेळाडूचें लान्स टॉड पारितोषिक प्रेस्कॉट यांस मिळालें.

१९५८ सालीं ग्रेट ब्रिटनचे कर्णधार होऊन ते ऑस्ट्रेलियास गेले. सिडनीची पहिली कसोटी ब्रिटननें २५-८ अशी गमावली. कसोट्या तीनच, दुसरी हरली कीं सारेंच हरलें. ती ५ जुलैस ब्रिस्बेन येथें सुरू झाली, आणि कांहीं मिनिटांतच प्रेस्कॉट यांच्या उजव्या हाताचें हाड मोडलें. थोड्याच वेळानें डेव्ह बोल्टन हंसळीचें हाड मोडून बाहेर गेले. त्या काळीं बदली गडी घेण्याची मुभा नव्हती. गेलेल्याची जागा रिकामीच राही. तेरांचे बारा झाले होते. कर्णधार निघते तर अकरा उरते. मध्यंतरांतहि त्यांनीं मैदान सोडण्याचें नाकारलें. लुळा हात अंगाशीं धरून ते स्क्रममध्यें उभे राहिले आणि एका हातानें पकडी करीत राहिले. आणखीहि कांहीं सोबती दुखापतींनीं जेरीस आले होते. तरी ब्रिटननें सामना २५-१८ असा जिंकला.

या धैर्याची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तच आहे. परंतु ज्याच्या हातावर त्याची भाकरी, त्यानें तो मोडका हात घेऊन जवळजवळ सारा सामना झुंजावें असा पेंच नियमानेंच आणला होता; त्याची निष्ठुरता कौतुकाच्या भरांत झांकून जातां कामा नये.

सिडनीची तिसरी कसोटी ब्रिटननें ४०-१७ अशी जिंकली. तींत प्रेस्कॉट नव्हते. ब्रिस्बेनचा सामना त्यांची अठ्ठाविसावी आणि अखेरची कसोटी ठरला. पुढें सेंट हेलेन्सचे ते शिक्षक झाले, व १९६१ सालीं त्या संघानें पुन्हां चॅलेंज कप जिंकला. १९९८ सालीं ते निवर्तले. बदली गडी घेण्याची परवानगी इंग्लंडांत १९६४ सालीं मिळाली.