धमनीला ‘सैल हो’ कोण सांगतं?

मनगटावर नाडी पाहताना बोटाखाली जी उडते, ती धमनी जिवंत नळी आहे. तिच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले की धमनी अरुंद होते, सैलावले की रुंदावते. या रुंदीचं गणित थक्क करणारं आहे. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. बाकी सगळं तेच ठेवून त्रिज्या नुसती १० टक्क्यांनी वाढवली, तरी प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो! जिना चढताना पायांना जास्त रक्त हवं असतं, जेवल्यावर आतड्यांना. ही सारी वाटणी या स्नायूंच्या हाती. पण स्नायूंना हुकूम कोण देतं?

मज्जातंतू देतात, संप्रेरकं देतात, हे जुनंच ज्ञान. पण धमनीच्या सर्वांत आत, वाहत्या रक्ताला लागून आणखी एक थर असतो. त्याचं नाव एंडोथेलियम. फरशीला फरशी लावावी तशा चपट्या पेशी, जाडी अवघ्या एका पेशीची. रक्त आत ठेवणारं गुळगुळीत अस्तर, यापलीकडे त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं.

अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांना मात्र एक कोडं छळत होतं. अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन जिवंत प्राण्याला टोचलं की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. तेच रसायन सशाच्या महाधमनीच्या कापून काढलेल्या पट्टीवर घातलं की पट्टी आवळते. हे त्यांनी १९५०च्या दशकातच पाहिलं होतं. एकच रसायन शरीरात एक करतं आणि बाहेर नेमकं उलटं, हे कसं?

उत्तराचं दार १९७८मध्ये त्यांच्या ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत उघडलं, तेही चुकून. त्या दिवशी पट्ट्यांऐवजी धमनीची कडी वापरली होती. आधी ती एका औषधाने आवळायची, मग ते औषध धुऊन काढायचं आणि नंतर अ‍ॅसिटिलकोलीनसारखं काम करणारं कार्बाकोल घालायचं, असा क्रम ठरला होता. सहायकाने धुण्याची पायरी गाळली आणि आवळलेल्या कडीवरच कार्बाकोल घातलं. कडी आणखी आवळायला हवी होती, ती सैलावली.

मग शोध सुरू झाला. कडी सैलावते आणि पट्टी आवळते, तर फरक कुठे आहे? तो निघाला हाताळणीत. पट्टी कापताना तिची आतली बाजू कशावर ना कशावर घासली जायची आणि पेशींचं ते नाजूक अस्तर निघून जायचं. कडीत ते शाबूत राहायचं. मुद्दाम अस्तर खरवडून पाहिलं, तर कडीही सैलावेना.

पुढचा प्रयोग तर फारच देखणा. अस्तर खरवडलेली पट्टी घेतली, तिच्या समोरासमोर अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी टेकवली आणि अ‍ॅसिटिलकोलीन घातलं. खरवडलेली पट्टीसुद्धा सैलावली! म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होतं आणि शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होतं. फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाड्झ्की यांचा हा शोध १९८०मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

ते ‘काहीतरी’ काही सेकंदांतच नाहीसं होई, त्यामुळे ते ओळखायला आणखी काही वर्षं लागली. १९८६मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे एकच नाव सुचवलं, नायट्रिक ऑक्साइड. पुढच्याच वर्षी साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने मोजमापांसह ते पक्कं केलं. गाड्यांच्या धुरात सापडणारा हा वायू आपल्या धमन्या स्वतः बनवतात, हे तेव्हा पचायला जडच गेलं असणार.

रक्त वाहताना अस्तराला घासून जातं. ओघ वाढला की पेशींना तो ओढा जाणवतो आणि त्यांच्यातलं एक विकर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून ऑक्सिजनच्या मदतीने नायट्रिक ऑक्साइड बनवतं. इवलासा रेणू, पेशींची पटलं ओलांडून तो थेट स्नायूत शिरतो. तिथे सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या तयार होतो, स्नायूतलं कॅल्शियम उतरतं आणि पकड सुटते. रक्ताकडे गेलेला वायू हिमोग्लोबिन पकडून टाकतं. साठा असा कधी होतच नाही. प्रत्येक क्षणाला ताजा माल लागतो.

इथे इतिहासाची एक गंमत आहे. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात, ती नायट्रेटची. ही औषधं शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवतात, हे फेरिड मुराद यांनी १९७७मध्ये दाखवलं. पण त्यांतलंच एक, नायट्रोग्लिसरीन, हृदयाच्या दुखण्यावर १८७९पासूनच वापरात होतं. त्याच नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट बनवणाऱ्या अल्फ्रेड नोबेल यांना १८९६मध्ये डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं, तेव्हा दैवाचा हा विनोद त्यांनी मित्राला पत्रातून कळवला होता. ते औषध काम कसं करतं याची उकल करणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८मध्ये नोबेल यांच्याच नावाचं पारितोषिक मिळालं. मोंकादा यांचं नाव त्यात नव्हतं.

सशाच्या पट्टीत जे दिसलं, ते माणसाच्या हृदयातही दिसतं. १९८६मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयधमन्यांत अ‍ॅसिटिलकोलीन सोडून पाहिलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. चरबीचे थर बसलेल्या मात्र आवळल्या, कारण त्यांचं अस्तर काम करेनासं झालं होतं. हा बिघाड मोठे अडथळे दिसू लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. हातावर पट्टा आवळून पाच मिनिटांनी सोडायचा आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीत मोजायचं, या चाचणीत सिगारेट ओढणाऱ्या धडधाकट तरुणांच्या धमन्याही कमी रुंदावलेल्या आढळल्या आहेत.

जिभेखालची गोळी हा वायू थोड्या वेळापुरता देते. अस्तर तो आयुष्यभर फुकट देतं. तंबाखू, चढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब त्याला घायाळ करतात, रोजचं भरभर चालणं त्याला कामाला लावतं. तेव्हा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, तंबाखूला रजा द्या आणि चालायला लागा.