शून्य कुठे धरायचं?

कांटच्या क्योनिग्सबर्गमध्येच शिकणाऱ्या किरचॉफने 1845 साली नियम मांडला: जोडबिंदूत जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर जातो.

आता बघा. 12 व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकापासून जोडबिंदूपर्यंत 2 ओहमचा रोधक. तिथून ऋण टोकाकडे 3 आणि 6 ओहमचे दोन. ऋण टोक आपण शून्य धरू, बिंदूचं विभव 'व' मानू.

(12 − व)/2 = व/3 + व/6

म्हणून व = 6 व्होल्ट. 3 अँपिअर आले; 2 आणि 1 असे गेले. हिशेब जुळला!

पण धन टोक शून्य धरलं तर? तोच बिंदू उणे 6 होतो. प्रवाह मात्र तेच राहतात. विद्यार्थिदशेत आम्ही 'खरं शून्य' शोधत बसलो होतो. ते नसतंच, आपण ठरवतो. विभवांतर मात्र आपल्या ठरवण्यावर नसतं.