काळ्या कोटातील गृहस्थ

आम्हां बडोदेकरांना दारूबंदी ही पुस्तकात वाचावयाची गोष्ट नव्हे. मुंबई राज्याचा 1949 चा कायदा 1960 मध्ये गुजरातच्या वाट्यास आला, आणि परवाने, सवलती व कुजबूज यांसह तो येथे अजूनही नांदतो आहे. त्यामुळे अमेरिकेतील दारूबंदीच्या उतरत्या काळची व्यंगचित्रे चाळताना ती आम्हांस परकी वाटली नाहीत.

तेथे 17 जानेवारी 1920 पासून मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक बंद झाली. (पिणे हा मात्र गुन्हा नव्हता!) त्याच सुमारास ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात रोलिन कर्बी या चित्रकाराने ‘मिस्टर ड्राय’ जन्मास घातले. हे ‘कोरडे साहेब’ उंच, हडकुळे. अंगात लांब काळा कोट, डोक्यावर उंच टोपी, हाती छत्री, आणि मुद्रा अशी की दुसऱ्याचे हसूही त्यांना सोसू नये. कायद्याला कलमे असतात, चेहरा नसतो. तो कर्बीने दिला. घटनेविरुद्ध बोलावयास जो सद्‌गृहस्थ कचरत असे, तोही या साहेबांना हसू लागला. चोरट्या दारूचे गुत्ते, लाचखाऊ पोलीस, कपोनचे शिकागो हे सारे वाढत गेले, तसतसा त्या छत्रीचा दरारा ओसरत गेला. ‘वर्ल्ड’ 1931 मध्ये बंद पडले. दारूबंदी 5 डिसेंबर 1933 रोजी, युटा या छत्तिसाव्या राज्याच्या संमतीने, संपली.

पण या चित्रांत एक व्यक्ती आम्हांस फारशी दिसली नाही. दारुड्याची बायको! इंग्लंडात जॉर्ज क्रुकशँकने 1847 मध्ये ‘द बॉटल’ ही आठ चित्रांची मालिका काढली होती. पहिल्यात सुखी घरात बाटली येते. मग नोकरी जाते, सामानावर जप्ती येते, धाकटे मूल दगावते आणि सातव्यात नवरा त्याच बाटलीने पत्नीचा जीव घेतो. क्रुकशँकने स्वतः पुढे दारू सोडली. बंदीची हाक अशाच घरांतून उठली होती. अमेरिकेत 1874 मध्ये स्त्रियांनीच त्यासाठी संघटना उभारली. तरी 1929 मध्ये बंदी उठवा म्हणणारी संघटना काढली, तीही पॉलिन सेबिन या बाईंनी! गुत्त्यांच्या छायेत मुले वाढू नयेत, असे त्यांचे म्हणणे.

कर्बीच्या चित्रांना आम्ही मनमुराद हसलो. मग क्रुकशँकचे सातवे चित्र पुन्हा काढून बराच वेळ पाहत बसलो.